शेवटचा सीन कुणासाठी

आमच्या मंडळीत लेंटमध्ये सिनेमा बघायचा नसतो, बनवायचा असतो. बाहेरच्या माणसाला हे सांगितलं तर तो हसतो. आमच्यात मात्र कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही. ईस्टरच्या आधीचे ते उपवासाचे आठवडे लागले, की कुणी चहा सोडतं, कुणी मटण सोडतं. आमच्या शेजारचे काका दरवर्षी चिडणं सोडतात आणि पहिल्याच सोमवारी रिक्षावाल्याशी भांडतात. घराघरांतले टीव्ही गप्प होतात. आणि नेमक्या त्याच दिवसांत आमच्या तरुण संघाची पोरं कॅमेरा घेऊन कंपाउंडभर पळत असतात, कारण गुड फ्रायडेच्या संध्याकाळी देवळात दाखवायची फिल्म तयार व्हायची असते. देऊळ म्हणजे चर्चच, आणि मंडळी म्हणजे तिथं उपासनेला येणारे आम्ही सगळे. आमची जुनी माणसं अजून देऊळच म्हणतात, आणि आता मीही जुन्यांतच जमा.

यंदाही ते दिवस आले. अजून होळी झाली नाही आणि सोलापूरच्या उन्हानं डोळे वटारलेत. काल उपासना संपल्यावर पाळकसाहेबांनी, म्हणजे आमच्या पाद्रीसाहेबांनी, मला पायरीवरच गाठलं. "टीचर, यंदाच्या स्क्रिप्टचं बघा. आणि आईच्या रोलसाठी करुणामावशींना परत विचाराल का? गेल्या वर्षी फार छान झालं होतं." मी मान हलवली खरी. गेल्या वर्षीची फिल्म अजून माझ्या अंगातून उतरलेली नाही. रात्रभर मी कूस बदलत होते. त्या बाईला कुठल्या तोंडानं विचारायचं?

मी हायस्कूलमध्ये मराठी शिकवते. नाताळची नाटकं लिहून लिहून माझी हयात गेली, आणि पोरांनी नाटकं सोडून कॅमेरा धरला तेव्हा मीही त्यांच्यामागं फरफटत आले. माझ्या जिभेला हाड नाही, असं माझ्या सासूबाई म्हणायच्या. खोटं कशाला बोलू, नाहीच.

लहानपणी आमच्या कंपाउंडात उन्हाळ्यात पांढरी चादर बांधून धार्मिक सिनेमे दाखवायचे. पलीकडच्या गल्लीत यंत्रमागांची खडखड चालू असायची, त्यातून कान देऊन संवाद ऐकायचे. पडद्यावर गोरीगोमटी माणसं, दाढ्या चिकटवलेल्या, अंगात झगे. आणि बोलायची मराठी, पण अशी की जी जगात कुणीच बोलत नाही. "हे स्त्रिये, तू का बरे विलाप करितेस?" दुसऱ्या दिवशी आम्ही पोरं एकमेकांना म्हणायचो, "हे पुरुषा, तू माझी पेन्सिल का बरे चोरितोस?" आणि आईच्या हातचा मार खायचो. हसायचो, पण मला तेव्हाही एक गोष्ट खटकायची. त्या सिनेमांत कुणालाच घाम यायचा नाही. एवढं वाळवंट, एवढी चालचाल, आणि एक माणूस कपाळ पुसत नाही! आम्ही इकडे पुठ्ठ्यानं वारा घेत बसलेलो.

पुढं आमची माणसं आपले सिनेमे आपणच काढायला लागली. झगे गेले, शर्ट-पँट आली. घाम मात्र आलाच नाही. पहिल्या पाच मिनिटांत बाटली दिसली, की शेवटी ती फुटणार. पोरगी खोकली, की शेवटी बरी होणार. आणि मग दिवे लागायच्या आत कुणाचा तरी धीरगंभीर आवाज येणार, डोळे मिटा, प्रभूकडं यायचं असेल त्यांनी हात वर करा. याला आमच्यात आवाहन म्हणतात. मला याचा भयंकर राग येतो. अहो, आपल्याच गोष्टीवर आपला विश्वास नाही काय? गोष्ट सांगून झाल्यावर तिची शिकवणी घ्यायची म्हणजे पोराला जेवायला वाढून वर घासही आपणच चावून देण्यासारखं आहे. हे मी मंडळीच्या कमिटीत बोलले होते. त्यानंतर एक मीटिंग मला बोलावणंच आलं नाही.

तर गेल्या वर्षीचं. विषय दयानंदअण्णांनी दिला. अण्णा आमच्या मंडळीचे ज्येष्ठ पंच, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टातले, आवाज असा की माईक लागत नाही. "घर सोडून गेलेला मुलगा," ते म्हणाले. "आई प्रार्थना करते. मुलगा परत येतो. आई त्याला हाताला धरून देवळात आणते, तो मंडळीसमोर उभा राहून क्षमा मागतो. मग मी आवाहन करीन. झालं." वरून म्हणाले, "आणि आईचं काम करुणाबाईंना द्या. त्यांच्यासारखं रडणं दुसऱ्या कुणाला जमणार?"

हा माणूस हे मनात खोट ठेवून बोलत नव्हता, हेच तर वाईट.

करुणामावशी म्हणजे दवाखान्यातून रिटायर झालेल्या आयाबाई, शहराबाहेर कुंभारीला राहतात. नवरा लवकर गेला. एकच पोरगा, सुहास. आमच्या देवळात कीबोर्ड वाजवायचा. काय बोटं होती त्याची! गाणारे कुठंही घसरले तरी त्यांना अलगद उचलून परत सुरावर आणून बसवायचा, आणि गाणाऱ्यांना वाटायचं आपणच सावरलो. पण देवळातल्या वाजवण्यावर पोट भरत नाही. तो एका बिअर बारमधल्या ऑर्केस्ट्रात वाजवायला लागला, आणि ते कमिटीला कळलं.

आमच्यात जुन्या मिशनच्या काळापासूनची एक रीत आहे. कुणाचं पाऊल वाकडं पडलं, तर त्यानं भर उपासनेत मंडळीसमोर उभं राहून क्षमा मागायची. मग त्याला पुन्हा प्रभुभोजन, म्हणजे उपासनेतली भाकर आणि द्राक्षरस, मिळतं, लोक गळ्यात पडतात. काही वर्षांपूर्वीच्या त्या रविवारी मी पुढच्याच बाकावर होते. अण्णांनी नाव पुकारलं. सुहास कीबोर्डच्या मागं होता, तिथंच उभा राहिला. अण्णांनी त्याचा अपराध खणखणीत आवाजात वाचून दाखवला. सगळं देऊळ त्याच्या तोंडाकडं बघत होतं. त्यानं तोंड उघडलं, मग मिटलं. खाली वाकून कीबोर्ड बंद केला, वायर नीट गुंडाळून ठेवली आणि बाजूच्या दारानं निघून गेला. देवळातून गेला तो आठवड्याभरात गावातूनही गेला. फोन नंबर बदलला. कुणी म्हणे पुण्यात दिसला, कुणी म्हणे हैदराबादला. आईला त्यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

आणि आता त्याच आईनं, त्याच देवळात, परत आलेल्या मुलाचा हात धरून चालायचं होतं.

मी नकार घेऊनच यायचं म्हणून कुंभारीला गेले. मावशी तांदूळ निवडत होत्या. सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, "करती की."

"मावशी, नीट विचार करा. तुम्हाला त्रास होईल."

"तरास का आता न्हाय व्हय?" असं म्हणून त्या परत सुपात बघायला लागल्या. या बाईच्या मनात काय आहे, याचा मला काही थांग लागेना.

शूटिंग सुरू झालं. कॅमेरा सॅमसनचा. एरवी लग्नं शूट करतो, त्यामुळं प्रत्येक माणूस त्याला हळू चालताना हवा असतो. मावशी चुलीपुढं भाकरी थापतायत असा सीन होता. पत्र्याचं छप्पर तापून खाली सगळे भाजून निघालेले. सॅमसन म्हणाला, "मावशी, आता थापता थापता थांबायचं. दाराकडं बघायचं. पोराची आठवण आली, असं दाखवा."

मावशींनी हात न थांबवता त्याच्याकडं पाहिलं. "आटवाया लागतंय का त्ये?"

सॅमसननं परत कॅमेऱ्याला डोळा लावला. तो सीन तसाच घेतला, थापता थापता.

इकडं माझं नि अण्णांचं जुंपलं होतं. मी शेवट बदलून लिहिला होता. मुलगा येतच नाही. दार उघडं, समोर मोकळा रस्ता, ऊन, आणि आई बघत बसलेली. संपलं. मला माझ्या त्या शेवटाचा केवढा अभिमान वाटत होता! हेच खरं, हीच कला, असं मी तरुण संघापुढं हात उडवून उडवून सांगितलं.

अण्णांनी कागद वाचला आणि चष्मा काढला. "टीचर, यात विजय कुठं आहे?"

"सगळ्यांच्या आयुष्यात कुठं असतो विजय? करुणामावशींचा पोरगा आला का?"

त्यांचा चेहरा उतरला. मला वाटलं आता ओरडतील. पण ते हळू आवाजात म्हणाले, "तरुणपणी मी प्यायचो. घरातली भांडीसुद्धा विकली होती. मला याच देवळात उभं केलं होतं, माझ्या सासऱ्यांच्या समोर. जमीन दुभंगावी असं वाटलं होतं. पण त्या दिवसापासून थेंब नाही. मी खोटी फिल्म करा म्हणत नाही, टीचर. माझ्यासाठी तोच खरा शेवट आहे."

मला त्यांचा राग करणं सोपं जात होतं, तेवढं सुखही त्यांनी ठेवलं नाही. स्क्रिप्ट त्यांची राहिली.

शेवटचा सीन देवळात होता. गर्दी हवी म्हणून अर्धी मंडळी येऊन बाकांवर बसलेली. आवाज नको म्हणून पंखे बंद. बायकांनी पदर तोंडावर धरलेले, माणसांचे शर्ट पाठीला चिकटलेले. म्हटलं, चला, निदान घाम तरी आला एकदाचा आमच्या सिनेमात. पंचाच्या कामाला कुणी तयार होईना, म्हणून अण्णा स्वतःच पुढं उभे होते. मुलगा झालेला विल्सन मावशींच्या शेजारी दारात. कॉलेजातला, उंच, मानेवर केस रुळणारा. मागून पाहिलं तर थेट सुहास.

"ॲक्शन," सॅमसन म्हणाला.

मावशींनी विल्सनचा हात धरला आणि जागच्या हलल्या नाहीत.

"कट. मावशी, चालत पुढं यायचं. परत. ॲक्शन."

मावशी तशाच उभ्या. विल्सननं एक पाऊल टाकलं, तर त्यांनी त्याला मागं ओढलं.

"करुणाबाई," पुढून अण्णांचा आवाज आला, "या ना पुढं."

"ह्यो पिक्चर मोबाईलवर टाकनार न्हवं?" मावशींनी विचारलं.

"हो, यूट्यूबवर जाणार," सॅमसन म्हणाला.

"मग त्यो बघंल. कुटं का असंना, मोबाईल तर आसंलच की त्याच्याकडं. आईचं थोबाड दिसलं तर बघितल्याबिगर ऱ्हायचा न्हाय. म्हनून तर मी व्हय म्हनले." मावशींचा आवाज सगळ्या देवळाला ऐकू येत होता. "आन् त्यानं काय बघायचं? त्याच्या आईनं पोराला धरून आनला आन् तुमच्याफुडं उभा केला, ह्ये? त्यो म्हनंल, आई बी त्यांच्यातच गेली. म्हनंल, घरी जायाची वाट देवळातनंच हाय. मग कशाला येतोय त्यो? जन्मात यायचा न्हाय."

"म्हणजे मी चुकलो, असं म्हणायचंय का तुम्हाला?" अण्णांनी विचारलं. मोठा आवाज, पण आत पोकळ.

"त्ये मला नगा इचारू, अण्णा. तुमी उभं ऱ्हायलात, तुमाला गुन आला. माझ्या पोराला न्हाय आला. मी दवाखान्यात जलम काढला. एकच गोळी समद्या पेशंटला देत्यात का?"

मी मनातल्या मनात टाळ्याच वाजवत होते, तेवढ्यात त्या माझ्याकडं वळल्या. "आन् टीचर, तुमचा त्यो मोकळा रस्ता बी नगं मला. तुमच्या संघाच्या पोरांनी सांगितलं मला त्ये. न आलेला दावू नगा. रोज सांच्याला मी तेवढंच बघती की."

माझी मान खाली गेली. माझ्या कलेत मला तो रस्ता फार सुंदर दिसत होता. मावशींच्या दारासमोर तो खरोखरचा होता.

अण्णा बाहेर गेले आणि पायरीवर जाऊन बसले, भर उन्हात. मंडळी कुजबुजायला लागली. एक काकू म्हणाल्या, आता फिल्म होत नाही म्हणावी. पाळकसाहेब बाकावरून उठले. शेवटी म्हणाले, "आईला जे करायचंय ते करू द्या." एवढंच. त्यांची सगळी प्रवचनं मी ऐकली आहेत, पण हे एक वाक्य मी त्या सगळ्यांच्या वर ठेवते.

दुसऱ्या दिवशी कुंभारीला, मावशींच्याच घरात तो सीन झाला. संवाद मी लिहिला नाही. विल्सन दारात आला. मावशींनी त्याच्याकडं नुसतं पाहिलं, पायापासून केसांपर्यंत. मिठी नाही, हंबरडा नाही. "चपला हितंच काड," त्या म्हणाल्या. "हातपाय धू. भाकरी गरम हाय." ताट वाढलं, वर शेंगाचटणी, त्यावर तेल. तो जेवायला लागला आणि त्या समोर बसून बघत राहिल्या. विल्सन कॅमेऱ्यापुढं लाजून चिमणीसारखं टिपत होता, तर त्याच्यावर खेकसल्या, "नीट खा की रं! वाळलायस किती." सॅमसन कट म्हणायचं विसरला. मी तिथंच भिंतीला टेकून रडले, भरपूर रडले. मला त्याची लाज वाटली नाही आणि आजही वाटत नाही.

पण खरी भीती पुढंच होती. गुड फ्रायडेला अण्णांचं आवाहन ठरलेलंच होतं. शेवटी तेच उठणार आणि पोरानं मंडळीसमोर कसं यायला हवं होतं ते सांगणार, याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती. फिल्म चालू असताना मी पडद्याकडं पाहिलंच नाही. अण्णांच्या पाठीकडं बघत होते. पडद्यावर पोरगं जेवलं, फिल्म संपली, दिवे लागले. अण्णा उठले, माईकपाशी गेले. खिशातून कागद काढला, उलगडला, बराच वेळ बघत राहिले. माझ्या शेजारी बसलेल्या मावशींनी माझं मनगट असं आवळलं, की बांगडी रुतली.

अण्णांनी कागदाची घडी घातली. "उपासना संपली," ते म्हणाले. "बाहेर अंधार आहे, सावकाश जा."

लोकांनी नंतर नावं ठेवलीच. संदेश कुठं होता? पिक्चर अर्धवटच वाटला. पाहुण्यांना काय कळलं असेल? मी प्रत्येकाशी भांडले. अण्णा माझ्याशी कित्येक महिने बोलले नाहीत, नुसती मान हलवायचे.

फिल्म यूट्यूबवर गेली. बघणारे थोडेच. खाली हात जोडल्याची चित्रं आणि आमेन. मावशी दर रविवारी सॅमसनला गाठायच्या. "किती जनांनी बघितला?" तो आकडा सांगायचा. मग त्या विचारायच्या, "त्यात त्यो आसंल का?" सॅमसन माझ्याकडं बघायचा आणि मी दुसरीकडं. पावसाळा गेला, नाताळ गेला. हळूहळू त्यांनी विचारणं सोडलं, आणि ते मला विचारण्यापेक्षा जास्त जड गेलं. प्रवचन करणाऱ्याला बरं असतं, समोरूनच आमेन येतं. गोष्ट सांगणाऱ्याला काही कळत नाही. ती कुणाच्या दारात गेली, की वाटेतच कुठं पडली. माझ्या मनात येऊ लागलं, आपण या बाईला आशा लावली, हे पाप तर नाही ना केलं? अण्णांचा शेवट निदान त्या संध्याकाळपुरता तरी सुखाचा होता.

तेच सगळं डोक्यात घेऊन आज दुपारी मी कुंभारीला गेले. मनाशी पक्कं केलं होतं, रोलचं विचारायचं आणि त्यांनी तोंड उघडायच्या आत, नको म्हणालात तरी चालेल, असं सांगून टाकायचं. मावशी उंबऱ्यातच बसल्या होत्या. चेहरा लाल, डोळे सुजलेले.

"काय झालं मावशी?"

"त्याचा फोन आला हुता."

"कुणाचा?"

"कुनाचा काय इचारता!" त्या केवढ्यानं ओरडल्या माझ्यावर. मी उंबऱ्यातच त्यांच्या शेजारी बसले.

"काय म्हणाला?"

"एवढ्या वर्सानं फोन केला, आन् काय म्हनला म्हाईत हाय का? कशी हायस न्हाय, जेवलीस का न्हाय. म्हनतोय, आई, त्या पिक्चरला मागनं म्युझिक कुनी दिलंय? लई भंगार हाय."

मला हसू फुटलं. खरं होतं की ते! सॅमसननं नेटवरून फुकटचं व्हायोलिन उतरवून पहिल्यापासून शेवटपर्यंत लावून दिलं होतं. आम्ही शेवटावरून एवढे भांडलो, पण त्या व्हायोलिनकडं आमच्यातल्या एकाचाही कान गेला नव्हता.

"म्हनतोय, भाकरीचा घास मोडताना बी त्ये रडतंय मागं. तितं गप बसाया पायजे, म्हनतोय. कितींदा बघितलास रं, म्हनले. तर काय बोलंना." मावशींनी पदरानं नाक पुसलं. "मग मी म्हनले, एवढं कळतंय तर तू ये आन् वाजव की."

"मग?"

"मग गप. फोन ठिवला न्हाय, पर गप. मी बी ठिवला न्हाय. लई येळानं म्हनला, बघतो."

मावशी उठल्या, पाण्याचा तांब्या आणून माझ्यापुढं ठेवला आणि माझ्याकडं असं रोखून बघायला लागल्या, जसं काही मीच कमिटी आहे.

"टीचर, औंदाच्या पिक्चरच्या म्युझिकचं काम अजून कुनाला सांगू नगा."